नमाजात आम्ही नक्की काय म्हणतो?

"तुम्ही नमाजात म्हणता तरी काय गं?" हा प्रश्न मला फर्स्ट इयरपासून आजपर्यंत निदान दहा जणींनी विचारला असेल. त्यात खोच नसते, निव्वळ कुतूहल असतं. मीरारोडला राहणाऱ्यांना बांग रोज ऐकू येते, शुक्रवारी दुपारी नयानगरात रिक्षा अडकते, रमजानमध्ये तिकडे खायला अर्धा वर्ग येतो. पण आत जे म्हटलं जातं ते अरबीत, त्यामुळे ते कानावरून जातं. गंमत म्हणजे हाच प्रश्न एखाद्या मुसलमान मुलाला विचारा, तोही बऱ्याचदा अडखळेल. आमच्यात लहानपणी अरबी वाचायला शिकवतात, समजायला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री डेरिव्हेशन पाठ करतो ना आपण, अगदी तसंच! म्हणून मॅगझिनसाठी हा विषय घेतला. मी काही आलिमा नाही, तेव्हा मित्रांनो, याला फतवा समजू नका, ओळख समजा.

आधी थोडा हिशोब. दिवसात पाच नमाज. प्रत्येक नमाज रकातींची बनलेली असते. उभं राहून पठण, मग कमरेत वाकणं, मग दोनदा सजदा, अशा एका आवर्तनाला रकात म्हणतात. फरज, म्हणजे कंपल्सरी रकाती अशा: पहाटे फजरच्या २, दुपारी जोहरच्या ४, असरच्या ४, सूर्यास्तानंतर मगरीबच्या ३ आणि रात्री इशाच्या ४. एकूण १७. आणि प्रत्येक रकातीत कुरआनची पहिली सूरह, अल-फातिहा, येते. सात आयती, सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटाचं काम. म्हणजे दिवसात कमीत कमी सतरा वेळा तोच मजकूर. सुन्नत नमाज धरल्या तर आकडा आणखी वाढतो.

आता मजकूर काय आहे? सुरुवात स्तुतीने होते. सगळ्या विश्वांचा सांभाळ करणारा, अतिशय दयाळू, शेवटी हिशोब घेणारा असं अल्लाहचं वर्णन येतं. यातला 'रब' हा शब्द मला फार आवडतो. भाषांतरात 'प्रभू' किंवा 'मालक' लिहून मोकळे होतात, पण रब म्हणजे नुसता मालक नव्हे. लहानाचं मोठं करणारा, टप्प्याटप्प्याने वाढवणारा, असा त्याचा अर्थ आहे. शिवाय तो एका जमातीचा रब म्हटलेला नाही, सगळ्या विश्वांचा म्हटलाय. 'रहमान' आणि 'रहीम' हे दोन्ही शब्द ज्या धातूपासून आलेत, त्याच धातूपासून अरबीत गर्भाशयासाठीचा शब्द येतो. म्हणजे ही दया राजाने प्रजेवर करावी तशी नाही, आईच्या मायेच्या जातीची आहे. आणि लगेच पुढे हिशोबाचा दिवस! माया आहे म्हणून जर्नल तपासलं जाणार नाही, असं कुणी समजू नये.

इथपर्यंत सगळं 'तो' असं तृतीयपुरुषात चाललेलं असतं. पाचव्या आयतीच्या सुमारास (मोजणीत थोडा फरक आहे, आम्ही कोकणी शाफई लोक बिस्मिल्लाहला पहिली आयत धरतो) अचानक 'तू' येतो. ज्याच्याविषयी बोलत होतो त्याच्याशीच बोलायला लागतो. भक्ती तुझीच आणि मदतही तुझ्याकडेच मागतो, असा त्याचा आशय. आपल्या संतांच्या अभंगांतही विठ्ठल 'तो' वरून केव्हा 'तू' होतो ते कळत नाही, तसंच काहीसं.

पण या जागी आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या सूरहचा जीव तिथेच आहे. क्रियापदं अनेकवचनी आहेत. 'मी मागतो' नव्हे, 'आम्ही मागतो'. 'मला दाखव' नव्हे, 'आम्हाला दाखव'. एकटी मुलगी घरात दार लावून पहाटेची नमाज पढत असेल, तरी तिला 'आम्ही'च म्हणावं लागतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असेंब्लीला 'अवर फादर' म्हणायचो, तिथेही सगळं 'आम्हाला'च. पसायदानात तर ज्ञानेश्वर सगळ्या जगासाठी मागतात. प्रार्थनेत एकट्यापुरतं मागणं कमी दर्जाचं, हे या सगळ्यांनाच ठाऊक होतं असं दिसतं. फरक एवढाच की 'अवर फादर'मध्ये रोजची भाकर मागतात. फातिहात भाकरही नाही, परीक्षेत पास कर नाही, नोकरी लागू दे नाही. मागणी एकच, सरळ रस्ता.

रस्त्यासाठी शब्द आहे 'सिरात'. अभ्यासक मानतात की हा शब्द लॅटिनमधल्या फरसबंदी रस्त्याच्या शब्दापासून फिरत फिरत अरबीत आला. इंग्रजीतला 'स्ट्रीट' त्याच मुळाचा. पण एकदा रस्ता मागितल्यावर पुन्हा सोळा वेळा कशाला? याचं उत्तर मला कंट्रोल सिस्टिमच्या लेक्चरमध्ये सापडलं. ओपन लूप सिस्टिम एकदा सेट केली की आउटपुटकडे बघत नाही. क्लोज्ड लूपमध्ये आउटपुट सतत मोजलं जातं, चूक जेवढी असेल तेवढी दुरुस्ती होते. माणूस काही रोज दरोडे घालत नाही. तो थोडा थोडा सरकतो. सकाळी आईवर खेकसणं, दुपारी प्रॉक्सी, संध्याकाळी मैत्रिणीबद्दल वाकडं बोलणं. पाच वेळा थांबून रस्ता विचारायचा तो या सरकण्यासाठी.

शेवटच्या आयतीत हा रस्ता कुणाचा असावा आणि कुणाचा नसावा ते येतं. ज्यांच्यावर कृपा झाली त्यांचा असावा, ज्यांनी कोप ओढवून घेतला किंवा जे भरकटले त्यांचा नसावा. काही जुन्या भाष्यकारांनी या दोन गटांना विशिष्ट धर्मांची नावं दिली. आयतीत मात्र कुणाचंही नाव नाही. दुसरे भाष्यकार म्हणतात की ही दोन माणसांच्या वागण्याची वर्णनं आहेत. एकाला कळतं पण वळत नाही, दुसऱ्याची वळायची तयारी असते पण कळतच नाही. मला हा दुसरा अर्थ पटतो, कारण नाव घालून वाचलं की आयत दुसऱ्यावर रोखता येते आणि आपण सुटतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. जानेवारी २०२४ मध्ये नयानगरात हाणामारी झाली, गाड्या फुटल्या, दोन दिवसांनी बुलडोझर आले. पुढचे काही दिवस घरोघरी एकच चर्चा, 'आपले' आणि 'त्यांचे'. आणि त्याच घरांत दिवसातून सतरा वेळा 'आम्हाला रस्ता दाखव' चाललेलं. या 'आम्हाला'मध्ये कोण? आमच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत? नयानगरच्या कमानीपर्यंत? ज्या सूरहची सुरुवातच सगळ्या विश्वांनी होते, तिचा 'आम्ही' एवढा आखूड असेल असं मला वाटत नाही. सगळ्यांना हे मान्य होईल असं नाही, घरातही यावरून माझे वाद होतात.

हा लांबरुंद 'आम्ही' महाराष्ट्रात एका ठिकाणी प्रत्यक्षात म्हटला गेलाय. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ मध्ये गांधीजी राहायला गेले. त्यांच्या आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत फातिहा आहे. ती तिथे आणली रेहाना तय्यबजी यांनी. पुढे एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत लोकांनी कुरआनच्या पठणाला हरकत घेतली, तेव्हा गांधीजींनी त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवली. कुरआन गाळून बाकीची प्रार्थना म्हणणं त्यांना मान्य नव्हतं.

फातिहानंतर पहिल्या दोन रकातींत आणखी एखादी सूरह म्हणतात. घाईच्या दिवशी छोट्या सूरह कामाला येतात (लोकल चुकायची असते ना!). त्यातल्या दोनच सांगते. 'अल-असर' तीन आयतींची. तिचा गाभा असा की काळ साक्षी आहे, माणूस तोट्यात चाललाय. वाचतात ते श्रद्धा ठेवणारे, चांगलं काम करणारे आणि एकमेकांना सत्याची व धीराची आठवण देणारे. यावर जुनं उदाहरण बर्फ विकणाऱ्याचं देतात. विकला गेला नाही तरी त्याचं भांडवल वितळतच राहतं. भाईंदरच्या मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या बघितलेल्यांना जास्त समजवायला नको. सबमिशनच्या आठवड्यात तर मुळीच नको.

दुसरी 'अल-माऊन'. सात आयती, आणि चांगल्याच कडक. अनाथाला ढकलून देणारा, गरिबाच्या जेवणासाठी शब्द न टाकणारा, तो धर्मच नाकारतो असा तिचा रोख. मग धक्का बसतो, कारण दोष चक्क नमाज पढणाऱ्यांनाच दिलाय! जे दाखवण्यासाठी पढतात आणि 'माऊन' अडवून धरतात त्यांना. माऊन म्हणजे शेजारी मागतात त्या बारीकसारीक वस्तू. भांडं, मीठ, पाणी, विस्तव. आजच्या भाषेत कुकर, इस्त्री, शिडी, मोबाइलचा चार्जर, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी एक बादली. एवढ्या उंचीवरून चाललेली गोष्ट थेट तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या दारात येऊन उभी राहते.

आमीनचं राहिलंच. फातिहा संपली की आमीन, म्हणजे 'असंच होवो'. आम्ही शाफई, जमातीने पढताना मोठ्याने म्हणतो. मीरारोडला उत्तर प्रदेश-बिहारकडची मंडळी बहुतेक हनफी, ते मनातल्या मनात म्हणतात. कोकणातून येणारे पाहुणे पहिल्यांदा इथल्या मशिदीत मोठ्याने आमीन म्हणतात आणि चार माना वळतात. दोन्ही रीती चालतात, कुणाचीही नमाज बिघडत नाही.

शेवट सलामाने होतो. मान आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवून दोन्ही बाजूंना शांती असो असं म्हणायचं. त्यात फरिश्तेही येतात आणि शेजारी बसलेला माणूसही.

ज्यांना आणखी वाचायचं असेल त्यांच्यासाठी, कुरआनचे मराठी अनुवाद मिळतात. पण सुरुवातीलाच एवढा मोठा ग्रंथ नको वाटला, तर विनोबांचं 'कुराण-सार' घ्या. विनोबा आपल्या कोकणातले, गागोद्याचे. कुरआन मुळातून वाचता यावं म्हणून ते अरबी शिकले, आणि विषयवार आयती निवडून त्यांनी हा संग्रह केला. फातिहा शोधायची असेल तर पूर्ण कुरआनमध्ये पहिल्याच पानावर सापडेल. माझ्याकडून काही राहिलं असेल तर कँटीनमध्ये गाठा, चहा तुमचा.