चोवीस ओटे, तीन महिने पाऊस

अजिंठ्याला आलेली मंडळी पद्मपाणीच्या चित्रापुढे रेंगाळतात आणि 12 क्रमांकाच्या लेण्यावरून सरळ पुढे जातात. तिथे चित्रं नाहीत. तीन भिंतींत चार-चार अशा बारा खोल्या, प्रत्येकीत झोपायला दोन दगडी ओटे. म्हणजे चोवीस भिक्खू. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचे, तीन महिने भटकंती बंद, खाली वाघोरा नदी भरून वाहतेय आणि रोज तीच तोंडं समोर. खटके उडणारच.

बौद्ध संघाने हे गृहीतच धरलं होतं. कौशांबीच्या भिक्खूंमधला प्रसिद्ध तंटा अट्ठकथेनुसार, म्हणजे पाली भाष्यानुसार, शौचालयातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून पेटला! बुद्धांनी समजावूनही कोणी ऐकेना, तेव्हा ते रानात निघून गेले. उपासकांनी भिक्षा बंद केली, मग मंडळी ताळ्यावर आली.

दुसऱ्याची चूक दाखवण्यालाही ‘विनय’ या संघाच्या नियमसंहितेने अटी घातल्या: योग्य वेळ, खरी गोष्ट, मऊ शब्द, त्याचं हित आणि मनात मैत्री. वर्षावास संपताना ‘पवारणा’ होई. माझं काही वावगं दिसलं, ऐकलं किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येकाने संघाला करायची. सुरुवात सर्वांत ज्येष्ठाने. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पाली परंपरेत भिक्खूंचे नियम 227. कायमची हकालपट्टी त्यांतल्या फक्त 4 अपराधांना. 13 अपराधांसाठी संघाची बैठक आणि काही दिवसांचं प्रायश्चित्त. उरलेल्यांपैकी बहुतेक कबुलीवर मिटत. दोन्ही गटांचं इतकं चुकलं असेल की उकरून वाद वाढेल, तर ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकून टाकणं.

चुकीच्या मापाने शिक्षा ही गोष्ट संघापुरती नव्हती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे पाट अशा शतकानुशतकं टिकलेल्या सामायिक व्यवस्था अभ्यासल्या. 1990 च्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की तिथे पहिल्या चुकीला दंड हलका असतो आणि पुढे चढत जातो. हलक्या दंडाने चुकणाऱ्याला आठवण होते, इतरांना देखरेख चालू असल्याची खात्री पटते. एकदाच घसरलेल्याला जबर शिक्षा केली, तर तो डूख धरतो. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्याच चुकीला माणूस काढून टाकणाऱ्या अ‍ॅडमिननी एकदा 12 क्रमांकाचं लेणं बघून यावं. सोमवारी मात्र अजिंठा बंद असतो.