मताचा वारसा

घराण्याचे दैवत, घराण्याचे गोत्र आणि घराण्याचे मत ही तिन्ही वडिलांकडून मुलांकडे जावयाची, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत अद्यापि आहे. मतदानाच्या आदल्या रात्री ओटीवर वडील मंडळी बसतात, एक नाव ठरते, आणि सकाळी सुना-लेकरांसह सारे घर त्या नावापुढील कळ दाबून परत येते. ह्या रीतीस बरे-वाईट म्हणण्यापूर्वी माणसाचे मत मुळात घडते कसे, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी आम्हांस दूर जावयास नको; आमच्या दक्षिण कोकणाचेच उदाहरण पुरेसे आहे.

येथील राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७, १९६२ व १९६७ साली बॅरिस्टर नाथ पै ह्यांस निवडून दिले. १९७१च्या आरंभी ते निवर्तले. पुढे १९७१ ते १९८९ पर्यंत सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते विजयी झाले. देशात बहुतेक काळ काँग्रेसचे राज्य असता ह्या एका कोपऱ्याने समाजवादी विचाराची माणसे दिल्लीस पाठवावी, ह्याचे पुष्कळसे श्रेय घरांतील संस्कारास दिले पाहिजे. बॅरिस्टरांची सभा ऐकून रात्री कंदील घेऊन परतणारे वडील आणि अंगणात त्या भाषणाची उजळणी ऐकत जागी राहिलेली मुले आम्ही स्वतः पाहिली आहेत. त्या मुलांना पुढे कोणी मत शिकवावे लागले नाही.

परंतु ह्या संस्काराखाली दुसरा एक आधार होता, तो आमच्या ध्यानी उशिरा आला. भाताचे एक पीक घरास वर्षभर पुरत नसे. म्हणून कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि घर मनीऑर्डरीवर, अशी येथील शेकडो घरांची स्थिती होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतील बहुतेकांस आपले काम पुन्हा पूर्ववत लाभले नाही. १९८४ साली देशभर काँग्रेसची लाट असताही मुंबई दक्षिण मध्यमधून संपाचे पुढारी दत्ता सामंत निवडून आले. १९८९ साली त्याच मतदारसंघाने शिवसेनेस कौल दिला. इकडे कोकण रेल्वेसाठी झटणारे दंडवते, रेल्वेचे काम हाती घेतले गेले असतानाच, १९९१ साली पराभूत झाले.

त्या वर्षीची एक गोष्ट सांगताना आम्हांस आजही संकोच वाटतो. आमच्या शेजारच्या वाडीतील एक गृहस्थ गिरणीत साच्यावर होते. संपात काम गेले आणि ते गावी परतले. त्यांचे वडील कट्टर समाजवादी. हे मात्र अन्यत्र मत देणार, असे कळताच आम्ही त्यांस भर रस्त्यात म्हणालो, “वडिलांचे नाव राखा हो!” ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, वडील मत देत तेव्हा दर महिन्याला पोस्टमन आमच्या अंगणात येई. आता तो घरावरून सरळ पुढे जातो.” आम्हांस शाळेचा पगार नियमित मिळत होता. रित्या कणगीच्या माणसास निष्ठेचा पाठ देण्याचा आम्हांस कोणता अधिकार होता?

तरीही पोटच मत ठरविते, असे म्हणणे एकांगी होईल. त्याच गृहस्थांचे धाकटे बंधू त्याच गिरणीतून त्याच वर्षी परतले होते. त्यांनी मात्र अखेरपर्यंत वडिलांचा पक्ष सोडला नाही. हलाखी एकच, कौल दोन. आमच्या मते हलाखी माणसापुढे प्रश्न टाकते; उत्तर तो लहानपणापासून कानी पडलेल्या शब्दांत शोधू लागतो. कोणास ते शब्द पुरतात, कोणास ते अपुरे पडतात. जो ते टाकून देतो त्यास कृतघ्न म्हणू नये, आणि जो ते धरून बसतो त्यास आंधळाही म्हणू नये.

म्हणून कुटुंबातील वडील मंडळींस आमची विनंती आहे की, निवडणुकीपूर्वी ओटीवर अवश्य बसावे, पण नाव ठरविण्याकरिता नव्हे. घरातील सुनेस महिन्याचा खर्च कसा भागतो, पदवी घेऊन घरी बसलेल्या नातवास काय बोचते, हे आधी विचारावे व नंतर आपला अनुभव सांगावा. मतपत्रिका गुप्त ठेवण्याचा कायदा सरकारापासून जसे रक्षण करतो, तसेच घरच्या धाकापासूनही. ‘मत’ हा शब्द संस्कृतातील ‘मन्’, म्हणजे विचार करणे, ह्या धातूपासून आला आहे. ज्याचा विचार केला गेला ते मत. वडिलांनी केलेला विचार मुलाने ऐकावा, तोलावा. परंतु त्याच्या वतीने तो दुसऱ्या कोणी करून ठेवला, तर त्यास मत हे नाव शोभणार नाही.