पॉल कशावर काढायचा?

हाताने फिरवायच्या विंचमधला पॉल जेमतेम अंगठ्याएवढा असतो. रॅचेटच्या दातात त्याचं टोक अडकतं आणि दोरीला टांगलेलं सगळं ओझं त्या टोकावर येतं. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नव्या विंचचा नमुना तयार होताना मी बारकाईने पाहिला. पॉल दोनच हवे होते, पण खऱ्या वजनाखाली टिकणारे.

पहिला निघाला थ्रीडी प्रिंटरवर, पीएलएचा, तोही फक्त मापासाठी. पिनवर मोकळा फिरतो का, स्प्रिंगला जागा पुरते का, एवढंच त्यातून कळतं. प्रिंटचे थर ताणाच्या दिशेला आडवे आले की जोडावरच सुटतात. टोकाला लागणारा कठीणपणा तर प्लॅस्टिकमध्ये कधीच येणार नाही, ॲल्युमिनियममध्येही नाही. म्हणून ईएन-२४ पोलाद.

‘कुठल्या मशीनवर करू?’ हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला जातो. आधी विचारावं, ओझं नेमकं कुठे येतं. इथे ते टोकावर आणि टोकामागच्या आतल्या कोपऱ्यात येत होतं. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, तो कोपरा एंडमिलच्या त्रिज्येएवढा गोल होतो, आणि तसा गोल असलेला ताकदीला चांगलाच. अडचण होती स्प्रिंगच्या अरुंद खाचेची. तिथे जाणारं बारीक टूल कडक पोलादात पटकन तुटतं. शिवाय एवढासा जॉब व्हाइसमध्ये धरायचा कुठे? लेझर स्वस्त आणि झटपट, पण जाड प्लेटमध्ये कड किंचित तिरकी येते आणि उष्णतेने कडेचा गुण बदलतो. पॉल अडतो तो नेमका कडेवरच.

शेवटी वायरकट ठरला. ०.२५ मिमीची पितळी तार पाण्यात ठिणग्या पाडत धातू झिजवत जाते. तार जॉबला टेकत नाही, म्हणून पोलाद कितीही कडक असलं तरी चालतं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती कामाच्या क्रमाची. पिनच्या भोकासाठी तार ओवायचं छिद्र आधी पाडलं, मग प्लेट हार्डनिंगला गेली आणि आकार त्यानंतर कापला. हार्डनिंगमध्ये प्लेट थोडी वाकली, पण कापायच्या आधी दोन्ही बाजू ग्राइंड करून घेतल्यामुळे मापाला धक्का लागला नाही. ऑपरेटरने पॉलची लांबी रोलिंगच्या दिशेने ठेवली. पहिल्या कापानंतर पृष्ठभागावर वितळून गोठलेला काही मायक्रॉनचा ठिसूळ थर राहतो, तो त्याने हलक्या फेऱ्यांनी काढला. दर कापलेल्या चौरस मिलिमीटरवर असल्याने लहान जॉबला खर्चही बेताचा.

हेच पॉल हजारांनी लागले, तर वायरकट परवडणार नाही. मग फोर्जिंगची डाय करावी लागेल. डायमधून जॉब सुटावा म्हणून कडांना थोडा ड्राफ्ट, म्हणजे उतार, द्यावा लागेल, आणि ती अरुंद खाच एकतर रुंद करावी लागेल किंवा नंतर वेगळी कापावी लागेल.