पाड्यावरची आजी

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर म्हाताऱ्या बाईचे वय वर्षांत सांगत नाहीत, प्रसंगांवरून काढतात. लाल बावट्याचा लढा चालू होता तेव्हा ती आईच्या कडेवर होती, किंवा थोरला मुलगा झाला त्या वर्षी पाड्यापर्यंत रस्ता आला, असा तो हिशेब. आधार कार्डाला मात्र साल लागते. ते अंदाजाने टाकले जाते आणि तारखेच्या जागी १ जानेवारी येते. एकाच दिवशी जन्मलेल्या म्हाताऱ्या त्यामुळे पाड्यापाड्यावर भेटतात.

हा अंदाज पुढे पैशांत मोजला जातो. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते आणि २०२३ पासून ते महिन्याला १,५०० रुपये आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची वरची मर्यादा ६५ वर्षे आणि रक्कमही तेवढीच. सून बहीण ठरते आणि सासू श्रावणबाळाची आई. एका घरात दोन्ही हप्ते येऊ शकतात. साल चुकले असेल, तर कंबरेतून वाकलेली बाई कागदावर साठीचीच राहते. रेशनच्या दुकानात अडचण वेगळीच. जन्मभर आवणी-बेणणी केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा ओळखत नाही, मग कार्डात नाव असलेल्या नातवाला शाळा बुडवून रांगेत उभे करावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत सुमारे ९० टक्के आणि डहाणूत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत वारली सर्वाधिक; शिवाय कोकणा, धोडी, दुबळा, मल्हार कोळी. किनाऱ्यावर मांगेला, माच्छी यांची घरे आहेत. तिथली आजी बोंबील वाळत घालते, बाजारात बसते, आणि पैशाचा व्यवहार बराचसा तिच्या हातात असतो. आतल्या पाड्यांवरच्या आजीच्या हाती रोख पैसा उशिरा आणि थोडा आला. त्याचे कारण इतिहासात आहे.

आज ऐंशीच्या घरात असलेली आजी वेठबिगारीच्या अखेरच्या वर्षांत जन्मलेली. तेव्हा लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली त्याचा ‘लग्नगडी’ होई आणि नवरा-बायको दोघेही ते कर्ज राबून फेडत, फिटणे क्वचितच. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध लाल बावट्याचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

लग्नगडी गेला, लग्नाचा खर्च राहिला. देज, जेवण, ताडी-दारू यांना पुरेसा पैसा जमेपर्यंत जोडपी तशीच संसार थाटतात, आणि पाड्याला त्यात वावगे वाटत नाही. विधी मागाहून होतो, कधी मुले मोठी झाल्यावर. त्यामुळे मुलाच्या लग्नाच्या मांडवात आधी आईबापांना हळद लागते, हा प्रसंग इथे हसण्याचा असला तरी नवलाचा नाही. शहरी वाचकाला ठाऊक असलेली सासू-सुनेची उतरंड अशा घरांत तितकी पक्की बसत नाही. लग्न झालेला मुलगा बहुधा त्याच पाड्यावर वेगळे घर बांधतो. म्हातारी धाकट्याकडे राहते, किंवा त्याच अंगणात आपली चूल वेगळी ठेवते. वेगळी चूल म्हणजे भांडण, असे समजण्याचे कारण नाही. नातवंडे दोन्ही चुलींवर जेवतात.

आजीचे खरे काम दिवाळीनंतर वाढते. भात झोडून झाले की अनेक जोडपी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पुरुष गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने बाहेर असतात. त्यांतले काही सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात आणि घरी आई व बायको वाट पाहत राहतात. रोज जाऊन येणाऱ्यांसाठी एका बाजूला बोईसर-तारापूरचे कारखाने, दुसऱ्या बाजूला उंबरगाव, सरीगाम, वापी. विरारची लोकल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत आल्यावर हा परीघ आणखी वाढला. पहाटे घर सोडणाऱ्या आईचे तान्हे मूल दिवसभर आजीकडे असते. आजीही मजुरीला गेली तर ते मोठ्या बहिणीच्या कडेवर जाते आणि तिची शाळा बुडते. ही अडचण ओळखणाऱ्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ अग्रेसर होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले काम त्यांनी १९५७ मध्ये डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. शाळेत मूल येत नाही तर शाळाच अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच.

बाई मूल होण्याचे वय उलटल्यावरही दीर्घकाळ का जगते, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांनाही पडला आहे. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांत पाहिले, की म्हाताऱ्या बायका कंद खणतात आणि नव्या बाळंतपणामुळे आईचे हात अडकले, की थोरल्या नातवंडांचे पोट आजीच्या कंदांवर भरते. यावरून मांडलेल्या तर्काला ‘आजी-सिद्धान्त’ म्हणतात. तो सर्वमान्य नाही. डहाणूच्या म्हातारीला मात्र तो समजावून सांगावा लागणार नाही.

पहिल्या पावसात शेवळ उगवते. त्याची भाजी तशीच शिजवली तर घसा खाजून बेजार होतो. म्हणून कोंब सोलून बारीक चिरतात आणि त्यात काकडाच्या झाडाची आंबट फळे घालतात. कडूकंदाला त्याहून जास्त खटपट: चकत्या करायच्या, उकडायच्या, टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवायच्या आणि कडूपणा गेला की खायच्या. किती वेळ ठेवायचे हे आजी चकतीचा तुकडा जिभेला लावून सांगते. हे शिकायला तिच्यामागे रानात जावे लागते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारी नात नेमकी शेवळाच्या दिवसांत तिथे परतलेली असते.

लग्नाच्या चौकाचेही तसेच. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढतात, किंबहुना ‘लिहितात’. आत पालघट देवी. गाणी म्हणत लग्न लावणारी धवलेरीही बाईच. तिच्याबरोबर मांडवामांडवांत फिरूनच तरुण बाई गाणी उचलते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी गंजाडला कागद नेला, आणि तिथल्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला जगभर पोहोचवली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. तरी भिंतीवर बायकांनी सहीविना लिहिलेली गोष्ट कागदावर येताच तिच्याखाली मुख्यतः पुरुषांच्या सह्या आल्या, हेही नोंदवले पाहिजे. आता मुलीही कागदावर काढतात; काहींची पहिली शाळा आजीची भिंत होती.

वय वाढल्याने मान वाढतोच असे नाही. एकटी, विधवा, औषधपाणी जाणणारी म्हातारी असेल आणि पाड्यावर मूल दगावले किंवा गुरे मेली, तर भगत तिला ‘भुताळी’ ठरवू शकतो. असे ठरलेल्या बाईला मारहाण होते, गाव सोडावे लागते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरला. संशयामागे पुष्कळदा जमिनीचा तुकडा किंवा भाऊबंदकी असते, आणि शेजाऱ्याविरुद्ध पोलिसांत जाणे म्हातारीला सोपे नसते.

जमिनीच्याच बाबतीत आजीच्या आठवणीला कायद्याने किंमत दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत दावेदाराखेरीज अन्य ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले निवेदनही आहे. सासऱ्याने कुठली झाडी तोडून वरई पेरली, राब कुठे भाजायचे, जुनी विहीर कोणी खणली, हे सांगणारी बाई अशा वेळी साक्षीदार होते आणि खाली अंगठा उमटवते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान लाँग मार्चची एक मुख्य मागणी याच दाव्यांची होती. सुमारे १८० किलोमीटर चालणाऱ्यांत वयस्क बायका मोठ्या संख्येने होत्या. दावा मंजूर झाल्यास पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, एकट्या बाईचे घर असेल तर तिच्या एकटीच्या. तो विकता येत नाही, वारसांकडे जातो.