बैलगाडीचे चाक आणि बांधावरची बाभूळ

बांधावरची देशी बाभूळ आज बहुतेक वेळा जळणाच्या भावात विकली जाते. एकेकाळी बैलगाडीचे चाक, नांगर, कुळव आणि तेलाचा घाणा यांसाठी याच लाकडाला पहिली पसंती होती. गाड्या कमी झाल्या, तरी लाकडाचा गुण कमी झालेला नाही. तो कोणत्या झाडात असतो हे ओळखता आले, तर कोणते झाड तोडावे आणि कोणते राखावे हे ठरवता येते.

चाकासाठी बाभूळच का?

लाकडी चाकात मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांवर जोडलेले बाकदार पुठे असतात. तुंब्याला चहूबाजूंनी भोके पाडावी लागतात, म्हणून तिथे उभे फाटणारे लाकूड चालत नाही. आऱ्यांवर गाडीचा भार येतो, तर दगडधोंड्यांचा धक्का आधी पुठ्यांना बसतो. बाभळीचे गाभ्याचे लाकूड सागापेक्षा जड, कठीण आणि चिवट असते. साग टिकाऊ खरा, पण धक्का सोसण्यात बाभूळ सरस ठरते. याच चिवटपणासाठी युरोपात पुठ्यांना अ‍ॅश नावाच्या झाडाचे लाकूड वापरत. आपल्या जंगलपट्ट्यात कण्यासाठी धावडाही वापरला जाई.

पुठ्यांवर लोखंडी धाव बसे. चाकापेक्षा किंचित कमी घेराची धाव लोहार विस्तवात तापवून फुगवी, चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती. धाव आकसली की सगळे सांधे आवळले जात. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, तर चाके पाण्यात भिजत ठेवत. लाकूड नीट न वाळवता चाक केले, तर मात्र सांधे वारंवार सुटत.

प्रकार ओळखा

वऱ्हाडात देशी बाभळीचे तीन प्रकार ओळखले जातात.

- तेलिया: पसरट डेरा. शेंगा मण्यांच्या माळेसारख्या. इमारती व अवजारांच्या कामासाठी उत्तम लाकूड.
- रामकाठी: फांद्या केरसुणीसारख्या सरळ वर जातात. सावली कमी पडते, म्हणून पिकाच्या बांधासाठी सोयीची.
- कौरिया: खोड आखूड, शेंगा रुंद. लाकूड हलके प्रतीचे, मुख्यतः जळणासाठी.

वेडी बाभूळ हे वेगळेच परदेशी झाड आहे. तिची गल्लत देशी बाभळीशी करू नये.

पाहणीत अनेकदा दिसते, की सरळ खोडाचे झाड आधी विकले जाते आणि वाकडे बांधावर राहते. पुढची रोपे मग त्याच वाकड्या झाडाच्या बियांपासून उगवतात. चांगला वाण असाच हातून जातो.

काय करावे?

१. गावातील सरळ, निरोगी तेलिया व रामकाठी झाडांवर खूण करावी. ही झाडे बियाण्यासाठी राखावीत.

२. उन्हाळ्यात पक्व शेंगा गोळा कराव्यात. बियांचे कवच कठीण असते. उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर भिजवावे. शेळ्यांना शेंगा चारून गोठ्यात पडलेले बी वेचले, तरी ते चांगले उगवते.

३. सोटमूळ लवकर खोल जाते. त्यामुळे रोपे पिशवीत फार दिवस ठेवू नयेत. पावसाच्या सुरुवातीला लागवड करावी किंवा बांधावरच बी टोकावे.

४. पहिली काही वर्षे खालच्या फांद्या छाटून खोड सरळ ठेवावे. पाला व शेंगा शेळ्यांना चालतात.

५. इमारती लाकडासाठी साधारण २० ते २५ वर्षे थांबावे. तोडण्यापूर्वी वन विभागाकडे नियमांची चौकशी करावी.

६. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्टमय अंश कमी होतो व कीड कमी लागते. नंतर सावलीत सावकाश वाळवावे. उन्हात टाकल्यास टोकांना चिरा पडतात.

सौदा करण्यापूर्वी

लाकडी घाण्याचे तेल पुन्हा बाजारात आले आहे. कुदळ-कुऱ्हाडीचे दांडे व जू यांनाही चिवट लाकूड लागतेच. म्हणून सरळ, जाड खोड वजनावर देण्याआधी जवळच्या सुताराला व घाणा बनवणाऱ्याला दाखवावे. फांद्या जळणाला जाऊ द्याव्यात, खोडाचा भाव मात्र वेगळा मागावा.