करडा पट्टा आणि त्याच्या कडा

अमेरिकेतल्या बेकारीच्या आलेखावर मंदीचा काळ दाखवणारे उभे करडे पट्टे असतात. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये असा पट्टा एका ओळीत निघतो, म्हणून तो सजावट वाटतो. पण तो एक दावा असतो: मंदी इथे सुरू झाली आणि इथे संपली.

रेषा बिघडलेली दिसेल तिथे पट्टा ओढायचा, हा सगळ्यात घातक गैरसमज. तारखा बाहेरून यायला हव्यात. अमेरिकेत त्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चची समिती ठरवते. तिच्या लेखी मोठी मंदी डिसेंबर २००७ ते जून २००९ अशी होती. बेकारी मात्र त्यानंतरही चढत राहिली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली. पट्टा रेषेमागे ओढत नेला असता, तर मंदी सरल्यावरही लोकांना काम मिळत नव्हतं, हे दिसलंच नसतं.

तारखा मिळाल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. २०२० च्या मंदीत अर्थव्यवस्थेचं शिखर, म्हणजे मंदीची सुरुवात, फेब्रुवारीत होतं; तळ, म्हणजे मंदीचा शेवट, एप्रिलमध्ये. मासिक आकडेवारीत एप्रिलचा आकडा बहुधा १ एप्रिल या तारखेवर टाकलेला असतो. मॅटप्लॉटलिबमधल्या पट्टा काढणाऱ्या 'ॲक्सव्हीस्पॅन' या फंक्शनला १ फेब्रुवारी आणि १ एप्रिल दिले, तर पट्टा एप्रिल उजाडताच थांबतो. बेकारीचा उच्चांक नेमका एप्रिलचा, आणि तो बिंदू पट्ट्याच्या कडेवर लटकतो. एप्रिल पूर्ण धरायचा तर शेवट १ मे द्यावा लागतो. ६० दिवसांचा पट्टा ९० दिवसांचा होतो. शिखराचा महिना धरायचा की नाही, तळाचा धरायचा की नाही, हे संगणक ठरवत नाही. तुम्ही ठरवा आणि आलेखाखाली लिहा.

आर भाषेतल्या जीजीप्लॉटमध्ये फिका, अर्धपारदर्शक रंग सांगूनही पट्टा गडद येतो, त्यात रंगाचा दोष नसतो. वेगळा डेटा दिला नाही, तर 'जिऑम रेक्ट' मुख्य डेटाच्या प्रत्येक ओळीसाठी एकेक आयत एकावर एक चढवतं. 'ॲनोटेट' वापरलं की एकच आयत निघतो.

मंदीसाठी १ आणि एरवी ० अशी मालिका मॅटप्लॉटलिबच्या 'फिल बिट्वीन'ला अट म्हणून दिली, की प्रत्येक १ रंगतो, असं अनेकांना वाटतं. ते फंक्शन शेजारच्या दोन बिंदूंमधली जागा भरतं. दोन्हीकडे ० असलेला एकटा १ कोराच राहतो आणि चूक झाल्याचा इशाराही येत नाही. अशा मालिकेतून आधी प्रत्येक काळाची सुरुवात आणि शेवट काढावा, मगच पट्टा रंगवावा.