निद्रेची थकबाकी

पौषातल्या रात्री दोनच्या सुमारास वाशिम जिल्ह्यातील कोणत्याही बागायती शिवारात जो उभा राहील, त्याला गव्हाच्या वाफ्यांतून सरकणारा विजेरीचा एखादा ठिपका बहुधा दिसेल. कृषिपंपांची वीज पाळीपाळीने येत असल्यामुळे, ज्या आठवड्यात ती रात्रीची असेल त्या आठवड्यात ओलीतही रात्रीच करावे लागते, आणि डोक्याला मफलर गुंडाळलेला कास्तकार गारठल्या पायांनी दांड फोडीत नि बुजवीत धुऱ्यावरून फिरत असतो. ओलीत नसले तर रोही आणि रानडुकरे यांच्यापायी मचाणावरची जागल आहेच. बियाण्याचा, खताचा, मजुरीचा हिशेब तो ठेवतो; गेलेल्या झोपेची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

निद्रेची महती आपल्या पूर्वजांस अज्ञात नव्हती. चरकसंहितेने आहार व ब्रह्मचर्य यांच्या पंक्तीत तिला शरीराचा उपस्तंभ म्हणून बसविले, आणि मांडूक्योपनिषदाने स्वप्न व सुषुप्ती या अवस्था जागृतीहून निराळ्या ओळखल्या. तथापि स्वप्नाची शारीरिक खूण हाती लागण्यास 1953 साल उजाडले. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथानिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, निद्रिताची बुबुळे मिटल्या पापण्यांखाली अधूनमधून वेगाने हलू लागतात, आणि नेमके त्याच वेळी त्यास जागे केले तर तो बहुधा स्वप्न सांगतो.

सुमारे 90 मिनिटांच्या आवर्तनांनी चालणाऱ्या या कारभारात पूर्वरात्री गाढ निद्रेचे आणि उत्तररात्री स्वप्ननिद्रेचे प्राबल्य असते. दिवसभराच्या स्मृती दप्तरी लावण्याचे काम या दोन्ही प्रहरांत चालते, आणि मनाला बसलेल्या धक्क्यांची धार बोथट होण्यास स्वप्ननिद्रेचे साहाय्य होत असावे, असे अनेक संशोधक मानतात. म्हणून दोन वाजता उठून शिवार गाठणारा माणूस घड्याळाने निम्मी झोप गमावीत असला, तरी स्वप्ननिद्रेचा बहुतांश हिस्साच गमावून बसतो.

ही थकबाकी दिवसा सहजी फिटत नाही. ज्या जैविक घड्याळाच्या रेण्वीय यंत्रणेचा छडा लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते घड्याळ उजेड पाहून शरीरास जागे राहण्याचा हुकूम देते. मग शरीर स्वतःच जप्ती आणते: फटफटीवरून घरी परतताना काही क्षणांची डुलकी लागते, आणि तेवढ्यात रस्ता सुटतो. पहाटे मचाणाखालच्या बाजेवर डोळा लागलाच, तर चुकलेली स्वप्ननिद्रा लवकर येऊन गाठते. दांड फुटला आहे, धावायचे आहे, पण पाय उचलत नाहीत. यात करणी-बाधा काही नाही. स्वप्नकाळी मस्तिष्कस्तंभ स्नायूंना जाणारे हुकूम अडवून धरतो, एरवी झोपलेला माणूस स्वप्नातल्या पाण्यामागे खराच धावला असता.

तेव्हा आरोग्य केंद्रात नाडी पाहताना झोपेचीही विचारपूस व्हावी, आणि शेतीला दिवसा वीज देण्याच्या योजनेचे मोजमाप युनिटांबरोबर परत मिळालेल्या रात्रींनीही व्हावे. तोवर ऊन अंगावर येईस्तोवर बाजेवर पडलेल्या कास्तकाराला आळशी म्हणण्याची घाई कोणी करू नये. तो मुद्दल नव्हे, नुसते व्याज फेडीत आहे.